वर्धनगडची गोल वाट : गाव आणि गड एका फेरीत बसवताना

साताऱ्याहून कोरेगावमार्गे पंढरपूरला जाणारा रस्ता घाट चढून खटावच्या पठारावर येतो, तिथंच वर्धनगड आहे. गड आणि त्याच्या कुशीतलं त्याच नावाचं गाव, दोन्ही रस्त्याला इतकी लागून की पंढरपूर, शिंगणापूर, म्हसवडला जाणाऱ्या गाड्यांतून ती रोज दिसतात. थांबणारे मात्र थोडे. जे थांबतात ते गावात गाडी लावतात, गड चढतात, देवीचं दर्शन घेतात, तटावर फोटो काढतात आणि आल्या वाटेनं उतरून निघून जातात. गाव त्यांच्या लेखी गाडी लावायची जागा. गेल्या हिवाळ्यात आम्ही गावासकट गडाची एक छोटी गोल फेरी आखली आणि चालून पाहिली. ती आखताना कुठं अडलं, काय सोडून द्यावं लागलं आणि शेवटी कुणाच्या शब्दावर फेरी पुरी झाली, ते इथं सविस्तर मांडतो आहे. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गडांखाली असंच एक गाव आहे, आणि तिथं कुणी अशी फेरी आखायला गेलं की हाच पेच पडणार आहे.

मागणी काय होती

आमचा गट साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या चार भिंती स्मारकाच्या चढाला फिरायला जाणाऱ्यांचा. बहुतेक जण साठीच्या पुढचे. गटातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो, लेकीकडे इंग्लंडला राहून आल्या. तिथं डॉर्सेट परगण्यात कॉर्फ कॅसल नावाचं गाव आहे. डोंगररांगेतल्या खिंडीवर राखणीला बसवलेला किल्ला आणि पायथ्याला किल्ल्याचंच नाव लावणारं दगडी घरांचं गाव. १६४६ साली पार्लमेंटच्या फौजेनं तो किल्ला घेतला आणि पुन्हा कुणी त्याच्या आधारानं लढू नये म्हणून फोडून टाकला. आता उरलेत ते भिंतींचे तुटके, कललेले तुकडे. तरी माणसं तिथं मुद्दाम चालायला येतात.

बाईंनी आम्हाला सांगितलं ते असं : "गावातनं निघायचं, किल्ल्याच्या टेकडीला वळसा घालायचा, शेतातनं, ओढ्याच्या कडेनं परत गावात यायचं. दोनेक तासांत सगळं. आल्या वाटेनं मागं फिरायचं नाही. आपल्याकडं एवढे गड आहेत, मग अशी एक फेरी आपल्याला का नसावी?"

मागणी साधी वाटली तरी तिच्यात तीन अटी होत्या. फेरी गोल हवी. ती सकाळच्या सकाळी उरकणारी हवी, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपली पाहिजे. आणि गाव तिच्यात खरोखर असलं पाहिजे, निघायच्या ठिकाणापुरतं नव्हे. तिसरी अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली.

अजिंक्यतारा आमच्या रोजच्या पायाखालचा, पण त्याच्या खाली आता गाव नाही, शहर आहे. सज्जनगडाखाली परळी आहे, जुनी देवळं असलेलं फार सुंदर गाव. पण तिथं येणारा माणूस समर्थांच्या समाधीच्या ओढीनं येतो आणि त्या ओढीला वळसा घालायला लावणं मला बरं वाटलं नाही. कराडजवळचा तळबीड–वसंतगड हा हंबीरराव मोहित्यांच्या गावाचा जोड मनात होता, पण तिथली चढण आमच्यातल्या काहींना जड गेली असती. वर्धनगड पठाराच्या बाजूनं पाहिला तर बुटका. कारण पठारच मुळात उंचावर आहे. कोरेगावच्या खोऱ्यातून बघावं तेव्हा त्याची खरी उंची कळते. गावातून दरवाजापर्यंतची चढण निवांत चालत अर्ध्या तासाच्या आतबाहेरची. ठरलं.

गड इथंच का, आणि गाव कशासाठी

फेरी आखायची तर आधी ही जागा काय कामाची होती ते कळायला हवं, नाहीतर वाट नुसती पायांची होते.

महादेव डोंगररांगेचा एक फाटा इथून उतरतो. त्याच्या पश्चिमेला कोरेगावचं खोरं, म्हणजे कृष्णेकडे जाणारं पाणी आणि साताऱ्याकडे जाणारा रस्ता. पूर्वेला खटाव–माणचा दुष्काळी मुलूख आणि येरळा नदी, जी पार खाली सांगलीजवळ ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. शेवटी दोन्हीकडचं पाणी कृष्णेलाच जातं, पण मधला हा उंबरठा ओलांडला की पाऊस बदलतो, पिकं बदलतात. कोरेगावकडे घेवडा आणि आलं, तर इकडे पुसेगावच्या अंगाला बटाटा आणि ज्वारी. पूर्वेकडून, विजापूरच्या बाजूनं, साताऱ्यावर चालून येणाऱ्याला हाच उंबरठा चढावा लागे.

१६७३ साली परळी आणि सातारा हे दोन्ही किल्ले विजापूरकरांकडून स्वराज्यात आले. त्याच सुमारास, १६७३–७४ मध्ये, शिवाजी महाराजांनी वर्धनगड बांधला. हे दोन्ही एकत्र वाचलं की गडाचा अर्थ लागतो. सातारा हाती आला की साताऱ्याचं पूर्वेचं दार बंद करणं आलं, आणि ते दार या घाटात होतं.

पुढं औरंगजेबानं १७०० साली सातारा आणि परळी घेतले. १७०१ साली पन्हाळा पडल्यावर त्याच पावसाळ्याच्या तोंडाला मोगल सरदार फतेउल्लाखानाची फौज इकडे आली आणि वर्धनगड, नांदगिरी म्हणजे आपला कल्याणगड, चंदन आणि वंदन हे किल्ले त्या मोहिमेत मोगलांकडे गेले. वर्धनगडाचं नाव सादिकगड ठेवलं गेलं. गड पुन्हा मराठ्यांकडे आला आणि ते नाव कागदातच राहिलं.

आता गाव. वर्धनगडात शिरताना दोन तोफा दिसतात आणि गावाच्या तटाचे, बुरुजांचे अवशेष दिसतात. लोक तोफांशी फोटो काढतात आणि तट बघतच नाहीत. माझं म्हणणं असं की हा गावतट म्हणजे गडाचाच पहिला तट. चालून येणाऱ्याला आधी वेस लागणार, मग घरं, मग उघड्यावरची चढण, जिथं वरून गोळी आणि दगड येणार, मग बुरुजांच्या कवेत लपवलेला दरवाजा, मग आतला मोकळा भाग आणि सगळ्यांत वर देवीचं टेकाड. एकात एक बसवलेल्या या ओळीतला पहिला टप्पा गाडीतून ओलांडून जो थेट पायऱ्यांना लागतो, त्याला उरलेले टप्पे कळत नाहीत. दरवाजा एवढा वळवून का बांधला हा प्रश्नच त्याला पडत नाही.

म्हणून फेरीचा आरंभ वेशीपासून आणि शेवटही वेशीशी, हे पहिल्यांदा पक्कं केलं. गाडी रस्त्याकडेला, गावाबाहेर.

एकाच दरवाजाच्या गडाला गोल फेरी कशी घालायची

खरी अडचण इथं सुरू झाली.

गोल फेरीला जायची एक वाट आणि यायची दुसरी लागते. गडाला मात्र दरवाजा जितका एकटा तितका चांगला. वर्धनगडाचा मुख्य दरवाजा पूर्वेकडे तोंड करून आहे, गोमुखी बांधणीचा. दोन बाजूंचे बुरुज पुढं आलेले, त्यांच्या मधून वाट वळत जाते, आणि वळल्याशिवाय दार दिसतच नाही. त्यामुळे दाराला समोरून हत्तीची धडक देता येत नाही की तोफेचा सरळ मारा करता येत नाही. आत आलेल्यानं त्याच तोंडातून बाहेर पडावं, हाच त्या बांधणीचा हेतू. गडाची रचना आणि बाईंची अट यांचं इथं जमत नव्हतं.

गटातल्या दोघा उत्साही मंडळींनी चोर दरवाजाचा पर्याय काढला. तटात एक छोटा चोर दरवाजा आहे. तिथून उतरलं की गडाला आरपार जाता येईल आणि गोल पुरा होईल, असं त्यांचं म्हणणं. नकाशावर ते छान दिसतं. मी त्याला ठाम नकार दिला, आणि पुन्हा विचारलं तरी नकारच देईन. चोर दरवाजा म्हणजे वेढा पडल्यावर जासूद बाहेर काढायची, नाहीतर शेवटी निसटून जायची जागा. ती वाट कुणाला दिसू नये, कुणाला सहज चढता येऊ नये, म्हणूनच तशी ठेवलेली. खाली घसारा, बोरी-बाभळी आणि घाणेरीची जाळी. विशीतल्या सवयीच्या पोरांनी दोर घेऊन उतरावं हे वेगळं, आणि सत्तरीच्या माणसाला उतरवणं वेगळं. चढताना दम लागतो तो बसल्यावर जातो. उतरताना गुडघ्यावर येणारा भार आणि मुरुमावर सटकणारा पाय यांना तसा उतार नाही. गडावरच्या दुखापती मी पाहिल्यात त्या बहुतेक उतरतानाच्या.

मग फेरीची मांडणीच बदलली. एक मोठा गोल करण्याऐवजी दोन गोल एकमेकांना जोडायचे. वरचा गोल गडावर, तटाच्या आतल्या अंगानं. खालचा गोल गावाभोवती. दोन्हींना जोडणारी दरवाजाची चढण तेवढी येता-जाता सारखी. म्हणजे "आल्या वाटेनं परत नाही" ही अट पूर्ण पाळली गेली नाही, पण जो तुकडा दोनदा चालायचा तो दरवाजाचाच असल्यानं मला त्यात काही वाईट वाटेना. उलट दरवाजा दोनदा बघण्यासारखाच आहे. वर जाताना शत्रूच्या नजरेनं आणि खाली येताना राखणदाराच्या.

चालायची दिशा ठरवताना फार डोकं लावावं लागलं नाही. गड म्हणजे देवीचं ठाणं, तेव्हा फेरी उजवी घालायची, प्रदक्षिणेसारखी. गावातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय दरवाजा पूर्वेकडे असल्यानं सकाळी चढताना ऊन पाठीवर येतं, डोळ्यांवर नाही, आणि बुरुजांचे दगड त्या उन्हात एकेक मोजता येतात.

वरचा गोल

गडाची तटबंदी आजही बऱ्यापैकी उभी आहे, आणि हीच वर्धनगडची श्रीमंती. दरवाजातून आत गेल्यावर तटावर चढायला पायऱ्या आहेत, पुढं मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, आणि मधल्या टेकाडावर वर्धनीमातेचं देऊळ. माथा आटोपशीर आहे. तटाच्या कडेकडेनं सावकाश चाललं तरी पाऊण तासात फेरी होते.

इथं आम्ही एक नियम केला आणि तो कुणालाही मोडू दिला नाही. तटाच्या माथ्यावरून चालायचं नाही, तटाच्या पायाशी आतून चालायचं. पाहायला म्हणून ठरावीक, भक्कम जागी वर चढायचं, एका वेळी दोघांनी. यात पडण्याची भीती आहेच, पण मला तटाची काळजी जास्त होती. वरच्या थरातला चुना साडेतीनशे पावसाळ्यांनी धुतला आहे. एकदा वरचा दगड हलला की त्याच्या जागी पाणी उतरतं, मग आतली भर फुगते, आणि चारपाच पावसाळ्यांनी अख्खा तुकडा खाली येतो. तटात उगवलेली पिंपळाची, वडाची रोपं ओढून काढायचा मोह अनेक उत्साही मंडळांना होतो. मूळ दगडांच्या सांध्यात गेलेलं असतं, ते ओढलं की दगड सुटतात. रोप लहानपणीच कापायचं, मूळ जागीच मारायचं आणि तो सांधा चुन्यानं भरायचा, हे काम जाणकाराच्या हाताखालीच व्हायला हवं. सिमेंटनं भरलेला सांधा तर न भरलेल्यापेक्षा वाईट. ते कडक असतं, ओल आत कोंडतं आणि शेजारचा जुना दगड उकलतो. फेरीच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण फेरी लोकप्रिय झाली की पाय वाढणार, आणि मग तट टिकवायची जबाबदारी फेरी आखणाऱ्याचीही आहे.

दुसरी काळजी आग्या मोहोळाची. सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर कपारीत, कमानीखाली ही पोळी असू शकतात. म्हणून गट न्यायच्या आधी त्याच आठवड्यात एकानं जाऊन दरवाजा, बुरुज आणि झाडं नजरेखालून घालायची असं ठरवलं. अत्तर लावून यायचं नाही, विडी-सिगारेट नाही, आरडाओरडा नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून तिथून लांब निघायचं.

वर्धनीमातेच्या देवळापाशी मात्र घड्याळ बघायचं नाही असं मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिथून पूर्वेला येरळेचं खोरं आणि पुसेगावजवळचा नेरचा तलाव दिसतो, पश्चिमेला कोरेगावच्या पलीकडं जरंडेश्वराचा डोंगर. दोन मुलुखांतला उंबरठा म्हणजे काय ते तिथं उभं राहिल्यावर न सांगता कळतं. बाई तिथं बराच वेळ पूर्वेकडे बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "साताऱ्याची राखण साताऱ्यात बसून होत नाही, हे मी मुलांना उगाच पुस्तकातनं शिकवत होते."

खालचा गोल जिथं तुटला

गडाच्या उतारावरून गावाच्या मागच्या अंगाला जाणारी एक आडवी वाट आहे, गुरांच्या पायांनी पडलेली. ती फार चढत नाही, फार उतरत नाही. गुडघेदुखीवाल्यांना अशी वाट देवाची देणगी. ती धरून गेलं की गाव खाली उजव्या हाताला राहतं, घरांची कौलं, परसातली जनावरं, गावतटाची रेघ असं सगळं एका नजरेत येतं. खालच्या गोलाचं सारं सौंदर्य या वाटेत होतं. आणि ही वाट एका शेताच्या काटेरी वईपाशी संपत होती. पलीकडं ज्वारीचं रान, त्याच्या पलीकडं गावाची वाट. मधे एका बांधाचं अंतर.

वाट पाहायला गेलेल्या आमच्या दोघांना तिथं मालक भेटले. साठीचे, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी राम राम घेतला, पाणी विचारलं, आणि बांधावरून जायचं कारण ऐकल्यावर सरळ नाही म्हणाले.

"पावणं, मागल्या साली असंच चारदोघं आलं. गड बघाया. सीताफळं तोडली, त्याचं काय न्हाई, लेकरं हायती. पर हरभऱ्यातनं आडवी गेली. वई मोडली ती मोडली, लावलीबी न्हाई. रातीत जनावरं शिरली. माझं रान हाय का बाग हाय?"

याला उत्तर नव्हतं, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. आमच्यातल्या एकांनी, जे महसूल खात्यातून निवृत्त आहेत, परतीच्या वाटेवर कायद्याची बाजू समजावली. ती इथं मुद्दाम देतो, कारण गावाभोवतीच्या वाटांबद्दल शहरातल्या माणसाचा मोठा गैरसमज असतो. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते, आणि त्या वाटा सगळ्यांच्या. जी वाट नकाशावर नाही ती पायांनी कितीही पडलेली असली तरी जमीन मालकाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नं दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते, पण ती शेतकऱ्याला, स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. वहिवाटीची वाट अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे, पण तोही शेतीसाठी वाट वापरणाऱ्याच्या कामाचा. हौसेनं फिरायला आलेल्या माणसाला यातलं काहीच लागू पडत नाही.

बाईंच्या इंग्लंडात हे वेगळं आहे. तिथं १९४९ च्या कायद्यानं हक्काच्या पायवाटा नकाशावर नोंदवल्या गेल्या. खासगी शेतातूनही ती वाट जाते, खांबावर पिवळा बाण असतो, आणि चालणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिथली गोल फेरी त्या हक्कावर उभी आहे. आपल्याकडं हक्क नाही, तेव्हा फेरी मालकाच्या राजीखुशीवर उभी करावी लागणार. मला यात कमीपणा वाटत नाही. हक्क असता तर आबांच्या मोडलेल्या वईची गोष्ट आम्हाला कधी कळलीच नसती.

आबांच्या अटी

पुढच्या खेपेला बाई स्वतः आल्या. त्या आधी आबांच्या घरी गेल्या, शेतात नाही. आबांच्या कारभारणीशी बोलल्या. पोरं कुठं असतात, गुडघ्याला काय लावता, भाकरीचं पीठ कुठं दळता, अशा गप्पा झाल्या. वाटेचा विषय त्यांनी काढलाच नाही. तो आबांनी काढला.

"ह्या बाई बी येणार का चालाया? मग जावा की. पर माझं ऐका."

अटी अशा ठरल्या. बांधावरून एकामागं एक जायचं, रानात पाय नाही. वईला त्यांनीच एक कवाड करून द्यायचं आणि शेवटच्या माणसानं ते लावून दोरी बांधायची. सोबत कुत्रं नको. पिकाला पाणी चालू असेल तर त्या दिवशी फेरी नाही. दगडावर, झाडावर रंगाचे बाण नकोत. आणि शेवटची अट, जी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली : ही वाट मोबाइलच्या नकाशावर टाकायची नाही. "तुमी याल, विचारून याल. मोबाइलवरनं येणारा कुणाला इचारतुय?"

ती अट पाळायची म्हणून या लेखातही ती वाट गडाच्या नेमक्या कुठल्या अंगाला आहे ते मी लिहिलेलं नाही. गावात वेशीपाशी विचारलं तर कुणीही आबांच्या घरी नेऊन सोडेल, आणि तेच या फेरीचं पहिलं पाऊल असावं असं मला वाटतं.

बदल्यात काय द्यायचं, हा प्रश्न आमच्यात निघाला. पैसे देऊ केले असते तर आबांना राग आला असता. बाईंनी तोडगा काढला. फेरी संपल्यावरची न्याहारी आबांच्या घरी आणि शेजारच्या दोन घरी, ठरवून, माणशी रास्त दरानं. झुणका, भाकरी, ठेचा, दही. सोबत एक अडचणही सुटली जी पुरुषमंडळींच्या ध्यानातच आली नव्हती. बायकांना निघण्याआधी आणि आल्यावर वापरता येईल असं स्वच्छतागृह. गडावर तशी सोय नाही, आणि केवळ त्यामुळे कितीतरी बायका सकाळपासून पाणी न पिता गड चढतात. ज्या घरी न्याहारी तिथंच ही सोय झाली. फेरीचा आराखडा काढणाऱ्यानं दरवाजा आणि बुरुजांइतकाच हा मुद्दा वर लिहावा.

प्रत्यक्ष फेरी

दिवस निवडताना पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा टाळली. मार्गशीर्षातल्या त्या दिवसांत हा रस्ता गाड्यांनी भरून जातो. पावसाळा तर बादच होता, दगडावर शेवाळ आणि मुरुमावर चिखल. उन्हाळ्यात माथ्यावर सावली नाही आणि वाळल्या गवताला वणव्याची भीती. उरतो तो दिवाळीनंतरचा काळ, फक्त कुसळांचा त्रास तेव्हा फार. मोजे आणि साडीच्या काठातून ती काढत बसावी लागतात.

वेशीत तोफांपाशी जमलो तेव्हा अजून थंडी होती. गावातून चालताना मुद्दाम सावकाश चाललो. कुणी दारात उभं राहून विचारलं, "कुठलं पावणं?" तर थांबून सांगितलं. चढणीला प्रत्येकाकडं काठी. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या एकांना मध्ये दोनदा बसवलं. १०८ ला फोन लागतो की नाही, हे चढणीवर कुठं कुठं रेंज येते ते बघून आधीच ताडून ठेवलं होतं.

दरवाजाशी दोन जणींनी वरचा गोल नको असं ठरवलं. यासाठीच दोन गोलांची मांडणी उपयोगी पडली. त्यांची फेरी फसली नाही. त्या गोमुखाच्या सावलीत बसून राहिल्या, आम्ही तट फिरून, देवीची ओटी भरून परत आलो, आणि खालचा गोल सगळ्यांनी मिळून चालला. एकच मोठा गोल असता तर त्या दोघी गाडीत बसल्या असत्या.

आडव्या वाटेवर मात्र वेळ अंदाजापेक्षा जास्त गेला, कारण तिथून गाव दिसायला लागलं आणि सगळ्यांचं बोलणं सुरू झालं. गावतटाची रेघ कुठून कुठं जात असेल, वेस कुठं वळत असेल, गडावरच्या राखणदाराला वेशीतला माणूस ओळखू येत असेल का. नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांनी त्याला वेशीकडं बोट दाखवून विचारलं, "तू फौज घेऊन आलास तर कुठनं येशील?" त्या पोरानं जी वाट दाखवली ती आम्ही सकाळी चाललो तीच होती. वेशीतून, घरांमधून, चढणीनं. मग त्यानंच ओळखलं की वरून सगळं दिसतंय आणि आपली फौज चढणीवरच संपेल.

वईपाशी कवाड लावायला आबा स्वतः येऊन थांबले होते. बांधावरून सगळे एका ओळीत गेले, ज्वारीचं एक ताटही मोडलं नाही. शेवटी बाई होत्या. दोरी त्यांनी बांधली.

वेशीपासून वेशीपर्यंत, बसणं-उठणं, देवदर्शन धरून तीन तासांच्या थोडं आत. दोन तासांचं बाईंचं इंग्लंडातलं गणित इथं लागू पडत नाही, आणि ते लावायचा आग्रहही धरू नये.

पुढं काय अडलेलं आहे

फेरी एकदा झाली म्हणजे वाट झाली असं नाही. आबांचा शब्द आमच्या गटाला आहे. आणखी पाच गट आले तर बांध टिकेल का, आणि आबांनी रोज कवाडाशी का उभं राहायचं, हे दोन्ही प्रश्न उघडेच आहेत. गावातल्या काही तरुणांनी वाटाड्या म्हणून सोबत यायची तयारी दाखवली आहे. माझ्या मते तोच मार्ग बरा. गावचा माणूस पुढं असला की वई मोडत नाही, चोर दरवाजाच्या नादाला कुणी लागत नाही, आणि चार पैसे गावात राहतात. वेशीपाशी एक साधा फलक असावा असं आम्ही गावकऱ्यांना सुचवलं आहे. त्यावर गडाचा इतिहास चार ओळींत, तटावर चालू नका ही विनंती, आणि खालच्या गोलासाठी गावात विचारा एवढंच.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. वर्धनगड त्यात नाही, आणि येत्या काळात इथं मोठा निधी येईल अशी चिन्हंही मला दिसत नाहीत. म्हणून गावानं आणि चालणाऱ्यांनी मिळून जे होईल ते आत्ताच करावं, असं मला मनापासून वाटतं.

ज्वारी निघाल्यावर त्या पट्ट्यात काय घ्यायचं हे आबांनी अजून ठरवलेलं नाही. उन्हाळी भाजी लावली तर बांध कायम ओला राहील आणि खालचा गोल तेवढे महिने बंद ठेवावा लागेल. पुढच्या गटाची तारीख त्यांना विचारल्याशिवाय धरायची नाही, एवढं आमचं ठरलं आहे.